ॲनमरीच्या आईचं खोटं आणि माझं



आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी होतात, हे तुम्हाला माहीत आहेच. इतर घरांत कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात तेव्हा आमचा ओटा पुसून झालेला असतो. मग रात्री झोपेपर्यंत चांगले दोन-अडीच तास हातात राहतात. पूर्वी हा वेळ टीव्हीत जायचा. गेली तीन वर्षं मी आणि माझी धाकटी या वेळेत पुस्तक वाचतो. ती आता सहावीत आहे. मराठी पुस्तक असलं की ती वाचते आणि मी भाजी निवडते. इंग्रजी असलं की मी वाचते आणि तिला मराठीत सांगते.

या चातुर्मासात आम्ही 'नंबर द स्टार्स' हे पुस्तक वाचलं. लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेचं, १९८९ साली आलेलं. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं न्यूबेरी पदक मिळालं. पुस्तक लहानसं आहे, पण विषय लहान नाही. दुसरं महायुद्ध, नाझी सैनिक, ज्यू लोकांची धरपकड आणि त्यात दोन दहा वर्षांच्या मैत्रिणी.

पाठशाळेच्या बाहेर मुलांना न्यायला थांबलो असताना मी हे सहज बोलले, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढ्याशा पोरीला असलं काय वाचून दाखवतेस? माणसं मारायच्या गोष्टी! आणि त्यात खोटं बोलून सुटतात म्हणे. आपण एकीकडे सत्य धर्म शिकवायचा आणि दुसरीकडे हे?" दुसरी म्हणाली, "आणि कुठला डेन्मार्क, कुठले आपण!"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार करत राहिले. मधल्या काळात आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि उत्तर वेगळ्याच वाटेने सापडलं. तेही सांगते, पण आधी पुस्तकाविषयी.

साल १९४३. डेन्मार्क हा छोटा देश जर्मनीने ९ एप्रिल १९४० रोजी ताब्यात घेतलेला. राजधानी कोपनहेगनच्या रस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर जर्मन सैनिक उभे. ॲनमरी योहानसन आणि एलन रोझेन एकाच इमारतीत राहतात, एकाच शाळेत जातात. ॲनमरीची धाकटी बहीण किर्स्टी हट्टी आणि बडबडी. चामड्याची टंचाई म्हणून तिला माशाच्या कातडीचे बूट मिळतात, त्यावर ती रडून घर डोक्यावर घेते. (अशी पादत्राणं तेव्हा तिथे खरोखरच वापरत.) मोठी बहीण लीसा अपघातात वारल्याचं घरात सांगितलेलं असतं.

एके दिवशी बातमी येते की ज्यूंना धरून नेणार आहेत. एलनचे आईवडील लपायला जातात आणि एलन ॲनमरीच्या घरी राहते. पहाटे सैनिक दार ठोठावतात. एलनच्या गळ्यात सहा टोकांची चांदणी असलेली साखळी असते, ज्यूंची खूण. साखळीचा फासा निघत नाही. ॲनमरी ती हिसका मारून तोडते आणि मुठीत दाबते. ही कोण म्हणून सैनिक विचारतात, तर ॲनमरीचे वडील सांगतात, ही माझी मोठी मुलगी लीसा. इतरांचे केस सोनेरी आणि हिचेच काळे कसे, असा संशय सैनिकांना येतो. वडील अल्बममधून लीसाचा तान्हेपणीचा फोटो काढून दाखवतात. तेव्हा तिचे केस काळे होते. सैनिक निघून जातात. ॲनमरी मूठ उघडते, तर तळव्यावर चांदणीचा ठसा उमटलेला.

इथे माझी लेक म्हणाली, "थांब, पुढे वाचू नको." उठून पाणी प्यायली, परत आली आणि माझ्या अगदी जवळ सरकून बसली. "हां, आता वाच."

पुढे ॲनमरीची आई मुलींना घेऊन समुद्रकाठच्या गिलेलाय गावी आपल्या भावाकडे जाते. तो मच्छीमार असतो. तिथे एका आजीच्या अंत्यविधीचं नाटक होतं. अशी आजी कधी नव्हतीच. शवपेटीत ज्यू कुटुंबांना थंडीत लागणारे कपडे आणि पांघरुणं भरलेली असतात. सैनिक येतात, पेटी उघडा म्हणतात. आई सांगते, आजी टायफसने गेली, उघडली तर रोग पसरेल. अधिकारी तिच्या थोबाडीत मारतो, पण पेटी न उघडताच जातो. दुसऱ्या दिवशी आईचा पाय मोडलेला असतो, म्हणून एक अत्यंत महत्त्वाची पुडी बोटीपर्यंत पोहोचवायचं काम दहा वर्षांच्या ॲनमरीवर येतं. टोपलीत पाव, चीज, सफरचंद आणि तळाशी ती पुडी. वाटेत सैनिक आणि कुत्रे. पुडीत काय आहे ते तिला ठाऊक नाही, आणि नाही म्हणूनच ती निभावून नेते. पुढचं सांगत नाही, तुम्ही वाचा.

आता यातलं खरं किती? ॲनमरी आणि एलन कल्पनेतल्या आहेत. पण त्या पळवाटा खऱ्या आहेत, ती बोट खरी आहे.

डेन्मार्कच्या सरकारने ऑगस्ट १९४३ च्या शेवटी राजीनामा दिला आणि जर्मनांनी लष्करी कायदा लावला. सप्टेंबरच्या अखेरीला ज्यूंना पकडायचा बेत ठरला. तो बेत फोडला एका जर्मन माणसानेच. गेओर्ग फर्डिनांड डुकविट्झ, कोपनहेगनच्या जर्मन वकिलातीतला जहाजवाहतुकीचा अधिकारी. त्याने २८ सप्टेंबरला डॅनिश नेते हान्स हेडटॉफ्ट यांना सावध केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये रब्बी मार्कुस मेल्किओर यांनी प्रार्थना थांबवून जमलेल्यांना सांगितलं, घरी राहू नका, लपा आणि इतरांना कळवा. ज्यूंचं नवं वर्ष त्याच दिवसांत होतं. सण म्हणून सगळे घरात सापडतील, असा जर्मनांचा हिशेब होता. १ ऑक्टोबरच्या रात्री सैनिक दारोदार गेले, तर बहुतेक घरं रिकामी.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सुमारे ७०० बिगर-ज्यू नातेवाईक समुद्र ओलांडून स्वीडनला पोहोचले. कुणाला शेजाऱ्याने माळ्यावर ठेवलं, कुणाला उन्हाळी घरात. कोपनहेगनच्या बिस्पेबियर्ग रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिकांनी शेकडो लोकांना रुग्ण म्हणून लपवलं. सुमारे ४७० जण मात्र पकडले गेले. त्यांना टेरेझीनश्टाटच्या छावणीत नेलं. त्यातले पन्नासच्या वर माणसं तिथून परत आली नाहीत.

आता मैत्रिणींच्या प्रश्नांकडे येते.

पहिला प्रश्न भीतीचा. आपण मुलांना काय सांगतो याचा जरा विचार करू. पाठशाळेत अकलंक-निकलंकांची कथा आपण सात-आठ वर्षांच्या मुलांना सांगतो. दोन भाऊ आपला धर्म लपवून दुसऱ्यांच्या मठात शिकायला राहतात, ओळखले जातात, पळतात, मागे घोडेस्वार लागतात. अकलंक तळ्यातल्या कमळांमध्ये लपतो आणि धाकटा निकलंक पळत राहतो, भावासाठी जीव देतो. मुलं डोळे विस्फारून ऐकतात. कुणी आई म्हणत नाही की ही कथा नको, पोर घाबरेल. उलट मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं तर आपल्याला बरं वाटतं. मग कोपनहेगनच्या मुलीचीच भीती का वाटावी?

मुलांना भीती कशाची वाटते हे मला तीन वर्षांच्या वाचनात थोडंसं कळलं आहे. गोष्टीत संकट आहे म्हणून ती फार घाबरत नाहीत. संकटात मोठी माणसं हात सोडून देतील, याची त्यांना भीती वाटते. या पुस्तकात सैनिक दारात उभा असतो, पण घरातलं मोठं माणूस मुलीच्या पुढे उभं असतं. लहान मुलाला तेवढा आधार पुरतो. छळछावण्यांची वर्णनं, प्रेतांचे फोटो, हे मी तिला दाखवणार नाही. त्याची वेळ पुढे येईल. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला 'जगात असंही झालं होतं' हे कळायला हवं, आणि ते चांगल्या कथेतून, आईच्या शेजारी बसून कळलेलं बरं. नाहीतर मोबाईलवर भलत्याच रूपात कळणार आहेच.

दुसरा प्रश्न, कुठला डेन्मार्क, कुठले आपण? लेकीनेही विचारलंच होतं, "ज्यू म्हणजे कोण?" मी तिला आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल सांगितलं. अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलायचे. शेकडो वर्षं राहिले, कुणी त्यांच्या दारावर लाथ मारली नाही. "म्हणजे एलन इथे असती तर तिला लपावं लागलं नसतं," ती म्हणाली. मी हो म्हणाले आणि मला अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

मग सासूबाईंनी वळिवड्याची आठवण काढली. गांधीनगरला आपण लग्नाचा बस्ता बांधायला, चादरी-कापड घ्यायला जातो ना? फाळणीनंतर तिथे सिंधी बांधव येऊन वसले. त्याआधी, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरियाच्या बाजूला नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्या कोल्हापूरजवळ आली. सासूबाईंच्या आई सांगायच्या म्हणे, त्या गोऱ्या बायका बाजारात येऊन बोटांनी भाव करायच्या आणि त्यांची पोरं चार महिन्यांत मराठी बोलायला लागली. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आम्ही कितीदा तिथे भेळ खाल्ली असेल, आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. ज्या वर्षी ॲनमरी टोपली घेऊन धावली, त्याच वर्षी ही मुलं आपल्याकडे उतरली. डेन्मार्क एवढा काही लांब नाही, बायांनो.

तिसरा प्रश्न खोट्याचा. हा मला सगळ्यात अवघड वाटला. कारण हे खरंच आहे, या पुस्तकात चांगली माणसं पानापानावर खोटं बोलतात. मुलगी कोण याबद्दल वडील, पेटीत काय याबद्दल आई, टोपलीत काय याबद्दल ॲनमरी. आणि आपण सत्य हे व्रत मानणारे.

पण आपल्याकडे व्रत कसं सांगितलं आहे ते पाहा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचा विचार आहे. त्याचा भावार्थ आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकला आहे. स्थूल खोटं टाळायचं, आणि ज्यामुळे दुसऱ्यावर संकट कोसळेल असं खरंही बोलायचं नाही. हरीण कुठल्या वाटेने गेलं असं शिकारी विचारतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आपल्या आजीने आपल्याला घातलेला आहे. सत्य अहिंसेच्या पोटात आहे, तिच्या बाहेर नाही. आणि चार दानांमध्ये आहार, औषध आणि शास्त्रदानाबरोबर चौथं अभयदान आहे. आहारदानाच्या पाट्या आपण देवळात लावतो. अभयदान कसं करायचं हे मात्र मुलांना दाखवायला आपल्याकडे फार उदाहरणं नसतात. मारायला काढलेली जनावरं सोडवून आणणं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. ॲनमरीच्या आईने थोबाडीत खाऊन जे दिलं ते अभयदानच आहे, असं मी लेकीला सांगितलं. ती मान डोलावून ऐकत होती. मला वाटलं, चला, छान समजावलं.

आणि मग ती गोष्ट घडली.

आमच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. मालक बाहेरगावी असतात. धाकटीच्या वर्गातली एक मैत्रीण, तिच्या घरचे भाड्याने जागा शोधत होते. मालकांची हरकत नव्हती. पण सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. त्यांचं खाणंपिणं वेगळं, त्यांचं येणंजाणं वेगळं, उद्या वास येईल, परवा पाहुणे येतील, आपल्या मुलांवर परिणाम होईल. एकाने तर 'तसली माणसं' हा शब्द वापरला. घरात काय शिजतं याबद्दल मी स्वतः काटेकोर आहे, हे तुम्ही जाणता. शेजारी काय शिजतं त्याचा मला त्रास होतो, हेही लपवत नाही. पण त्या बैठकीत बोलणं स्वयंपाकापाशी थांबलं नव्हतं. ते मला कळत होतं. मी पदराशी चाळा करत बसले. हात वर करा म्हणाले तेव्हा मी वर केला नाही आणि विरोधही केला नाही. मालकांना नकार कळवायचं ठरलं.

दोन दिवसांनी त्या मुलीच्या आईचा मला फोन आला. आमची शाळेतली ओळख. "ताई, त्या फ्लॅटचं काही कळलं का?" आणि मी काय म्हणाले असेन? "अहो, तो गेला वाटतं. मालकांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला."

धाकटी समोर बसून चित्र रंगवत होती. मी फोन ठेवल्यावर तिने वर पाहिलं.

"पण तो रिकामाच आहे की."

बस, एवढंच. रागावली नाही, काही नाही. परत रंगवायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले, धुतलेलीच भांडी परत धुतली.

मी आता नीट सांगते, कारण माझा गैरसमज होऊ नये. भाड्याने घर नाकारणं आणि माणसांना छावणीत नेऊन मारणं या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत. तसं करणं हा त्या मेलेल्या माणसांचा अपमान होईल. कोपनहेगनमध्ये जे होणार होतं ते होणार होतं आणि इथे एका कुटुंबाला दुसरीकडे घर बघावं लागलं. पण मुलीला मी जे शिकवत होते ते मलाच लागू झालं, त्याला मी काय करू? ॲनमरीच्या आईने खोटं बोलून दुसऱ्याच्या मुलीला घरात घेतलं. मी खोटं बोलून दुसऱ्याच्या मुलीला बाहेर ठेवलं. सत्याणुव्रताचं एवढं सुंदर प्रवचन मी आदल्याच आठवड्यात केलं होतं.

रात्री आम्ही पुस्तक उघडलं नाही. तिने अकलंक-निकलंकांची गोष्ट पुन्हा सांग म्हटलं. सांगितली. कथेत निकलंक पळत असताना वाटेत एक धोबी असतो. तो विचारतो, का पळतोस? घोडेस्वार येताहेत हे पाहून तोही निकलंकाबरोबर पळू लागतो, आणि दुसरा भाऊ समजून त्यालाही मारतात. लेकीने विचारलं, "धोब्याचं नाव काय होतं?"

कथेत त्याचं नाव मी ऐकलेलं नाही. चाळीस वर्षांत मला ते विचारावंसं वाटलंही नव्हतं. कारण ही कथा ऐकताना मी कायम त्या दोन भावांच्या जागी असायचे. आपण छळले गेलेले, आपण धर्मासाठी सोसलेले. अशा कथा हव्यातच, त्यांनी मुलांना आपण कोण ते कळतं. पण फक्त त्याच कथा ऐकून वाढलेलं मूल आयुष्यभर स्वतःला निकलंकच समजतं. आपण कधी रस्त्याकडेचा बघ्या असू शकतो, बैठकीत गप्प बसलेले असू शकतो, हे त्याच्या मनातही येत नाही. माझ्या आलं नव्हतं.

म्हणून 'नंबर द स्टार्स'सारखी पुस्तकं मुलांना द्यावीत असं मला आता ठामपणे वाटतं. यातली नायिका एलन नाही. नायिका ॲनमरी आहे, जिच्या दारावर कुणी येणार नव्हतं, जिला काही न करताही सुखाने राहता आलं असतं. 'माझ्यावर आलं तर' हा प्रश्न प्रत्येक मूल स्वतःला विचारतंच. 'माझ्या मैत्रिणीवर आलं तर' हा प्रश्न कुणीतरी त्याच्या हातात द्यावा लागतो.

तुम्ही मुलांबरोबर असं पुस्तक वाचणार असाल तर अनुभवाने दोन-तीन गोष्टी सांगते.

एक, मुलाच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. बरोबर वाचा. मूल थांब म्हणालं की थांबा. नकाशा जवळ ठेवा. डेन्मार्क आणि स्वीडनमधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी चारेक किलोमीटरच आहे हे बघून आमची लेक थक्क झाली.

दोन, गोष्ट आणि इतिहास वेगळे करून सांगा. राजे दहावे क्रिस्तियान रोज सकाळी अंगरक्षकाशिवाय घोड्यावरून कोपनहेगनमध्ये फिरायचे, हे खरं. पण ज्यूंबरोबर त्यांनीही पिवळी चांदणी छातीवर लावली, ही जगभर सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर चांदणीची सक्ती कधी झालीच नाही. मुलांना हे सांगितलं की ती हिरमुसत नाहीत. खरं शोधायची त्यांना गोडी लागते.

तीन, सगळे डॅनिश देव आणि सगळे जर्मन राक्षस, असं होऊ देऊ नका. बातमी फोडणारा डुकविट्झ जर्मन होता. आणि ॲनमरी जिथे गेली त्याच गिलेलायमध्ये चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० ज्यू पकडले गेले. समुद्रापार नेण्यासाठी मच्छीमारांनी पैसे घेतले, काहींनी भरपूर घेतले. पण जीवही धोक्यात घातला. मुलांना हे पेलतं. माणूस असाच असतो हे त्यांना शाळेच्या डब्याच्या सुट्टीतच कळलेलं असतं.

आणि चौथं, तात्पर्य सांगायची घाई करू नका. ते तुमच्यावरच उलटू शकतं, हे माझ्यावरून बघा.

त्या बाईंना मी तिसऱ्या दिवशी फोन केला. खरं सांगितलं. फ्लॅट रिकामा आहे, बैठकीत नको म्हणाले, मी तिथे होते, मी बोलले नाही आणि तुमच्याशी खोटं बोलले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हाला अंदाज होताच, ताई. आता दुसरीकडे बघितलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. घरात काय शिजवायचं याचे नियम मालक आणि भाडेकरू आपसांत ठरवतील, पण 'तसली माणसं' हा शब्द आपल्या सोसायटीत परत नको, एवढंच म्हणाले. आवाज थरथरत होता. दोघींनी मान डोलावली, बाकीचे चहा संपवत होते. काही बदललं असं सांगता येणार नाही.

पुस्तकाच्या शेवटी युद्ध संपतं. रोझेन कुटुंब अजून परतलेलं नसतं, पण त्यांच्या रिकाम्या घरातल्या झाडांना ॲनमरीची आई इतके दिवस पाणी घालत आलेली असते. धूळ पुसते, मेणबत्त्यांचे स्टँड लख्ख ठेवते. मला त्या सगळ्या पुस्तकातली हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटली. बोट चालवायला किंवा सैनिकाला फसवायला आपल्याला कुणी बोलावणार नाही. पण ओटा पुसणं, झाडांना पाणी घालणं, किल्ली सांभाळणं, एवढं तर येतं ना आपल्याला.

त्या मुलीला मी गेल्या रविवारी जेवायला बोलावलं. संध्याकाळी साडेपाचलाच ताट वाढलं, तर ती हसायला लागली, "काकू, एवढ्या लवकर?" धाकटीने तिला कारण सांगितलं. मग दोघी 'नंबर द स्टार्स' घेऊन गच्चीवर गेल्या. किती वाचलं देव जाणे. खाली ऐकू येत होतं ते नुसतं खिदळणं.

जय जिनेंद्र.